फळीवरचा डबा

मागच्या आठवड्यात आमच्या जिन्यात एक गंमत झाली आणि त्या गमतीनं माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. समोरच्या घरातली निकिता वरणभाताची ताटली घेऊन लेकीच्या मागे फिरत होती. लेक म्हणजे आर्वी, असेल पाच-सहा वर्षांची. या नवरा-बायकोनं तिला दत्तक घेतलं तेव्हा सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले होते, लपवाछपवी काही केली नाही. माणसं चांगली आहेत, हे आधीच सांगून टाकते. पोरगी घास घेईना, तेव्हा निकिता हसत म्हणाली, "नाही ना जेवत? थांब, परत देऊनच येते तुला." जिन्यात आम्ही तीन-चार बायका उभ्या होतो, सगळ्या हसल्या. आर्वी तर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. आणि हसता हसताच तिनं दारातल्या आपल्या चपला ओढल्या, पायात घातल्या, पट्टे लावले आणि भिंतीला टेकून नीट उभी राहिली. कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या हातात तिच्याच घरी द्यायला आणलेली कढीची वाटी होती. ती मी कठड्यावर ठेवली, घरात आले आणि दार लावून बसले. साठी उलटली माझी. पोस्टाच्या खिडकीत बसून अकोल्यातल्या तऱ्हेतऱ्हेच्या माणसांची तऱ्हेतऱ्हेची बोलणी ऐकून घेतलीत, सहसा मी हलत नाही. पण त्या चपला पाहून हलले.

तसं हसणं मलाही येत होतं. तशा चपला मीही घालून बसायचे, म्हणून तर समजलं. इतकी वर्षं हे कुठं लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की लोक म्हणतात, अरे वा, किती भाग्याची, चांगलं घर मिळालं. मिळालंच. पण चांगलं घर मिळाल्यावरही लेकराच्या डोक्यात काय काय चालू असतं, हे कुणी विचारत नाही, आणि लेकरू आपण होऊन सांगत नाही.

अमरावतीला राजापेठेच्या मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. 'आमचं' हे आता मी सहज लिहिते, तेव्हा ते माझ्या तोंडात बसत नव्हतं. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ते घरात शिरायच्या आधी डिझेलचा वास शिरायचा, मग सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज, मग मोरीत साबणाच्या तुकड्यानं कितीतरी वेळ हात घासणं. आई मूळची अकोल्याची, हसरी, शिवणाच्या मशीनवर बसली की पाय आणि तोंड एका वेगानं चालवणारी. आणि तिसरी सिंधूआत्या, बाबांची थोरली विधवा बहीण. घरात खरं राज्य तिचं. पहाटे तिच्या खोकल्यानं दिवस उजाडायचा, मग पाट्यावर ठेचा वाटल्याचा आवाज, मग ज्वारीची भाकर थापल्याचा. अंबाडीची भाजी, वर लसणाचं तेल, कण्या, पाटवडीचा झणझणीत रस्सा. त्या रश्श्यानं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि मी "खूप छान झालं" म्हणायचे. मी सगळ्यालाच खूप छान झालं म्हणायचे. शेजारपाजारच्या बायका आईला म्हणत, किती गुणाची पोरगी भेटली वो तुमाले, हट्ट नाही, रडणं नाही. आई खूश व्हायची. सातेक वर्षांचं लेकरू रडत कसं नाही, याचा धक्का त्या गल्लीत कुणालाच बसला नाही. मला आज बसतो.

त्या घरात मी कुणाला काही म्हणून हाक मारत नव्हते. कुणी हवं असेल तर समोर जाऊन उभी राहायचे. झोपताना चपला उशीजवळ ठेवायचे. आणि अन्न लपवायचे. पोट भरलं तरी अर्धी भाकर फ्रॉकच्या घोळात घ्यायची आणि धान्याच्या कोठीमागे सारायची. एके दिवशी कोठीपासून न्हाणीपर्यंत मुंग्यांची रांग लागली आणि आत्यानं कोठी सरकवली. मागे वाळलेल्या भाकरींची चवड होती. मी चपला पायात घालून दाराशी जाऊन उभी राहिले, कारण पुढं काय होतं ते मला वाटलं पाठ आहे. आत्या कमरेवर हात ठेवून भाकरींकडे पाहत राहिली.

"काहून वं, उंदरं पाळून राहिली का?"

मी मान हलवली. आत्यानं सगळं झाडून काढलं, आत गेली आणि पत्र्याचा एक झाकणाचा डबा घेऊन आली. तुपाचा असावा, घासून घासून त्याच्यावरची चित्रं गेली होती. चुलीशेजारच्या फळीवर, माझा हात पोचेल अशा उंचीला, तिनं तो ठेवला.

"लपवाचं असन तं यात लपव. मुंग्या लागत नाई. कोनी हात लावनार नाई याले, तुहा बाप बी नाई."

आणि खरंच कुणी लावला नाही. डब्यात कधी फुटाणे असायचे, कधी गूळ-शेंगदाणे, कधी शिळ्या भाकरीचे तुकडे तव्यावर कुरकुरीत भाजलेले. मी टाकलेलं कमी व्हायचं नाही, उलट वाढायचं. भरणारी आत्याच, पण तिला भरताना मी कधी पकडू शकले नाही. माझी नात्यातली एक भाची नागपूरला शाळेत समुपदेशक आहे. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मावशी, यासाठी आम्हाला दोन वर्षं शिकावं लागतं. आत्या चौथीपर्यंत शिकली होती आणि लेकरांशी गोड बोलणं तिला अजिबात जमत नव्हतं. माझं नशीब की जमत नव्हतं, कारण गोड बोलण्याची मला धास्ती होती.

ती धास्ती कुठून आली, ते सांगायला पाहिजे. अमरावतीच्या आधी मी एका घरात राहून आले होते. पातूरकडचं घर. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही असं म्हणण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही. अकोल्याच्या बालगृहातून त्यांनी मला पावसाळ्यात नेलं, माझं वनिता हे नाव जुनाट वाटलं म्हणून पिंकी ठेवलं. काही महिन्यांनी त्या बाईंना दिवस गेले. घरात कुजबुज वाढली आणि माझ्याशी सगळे फार गोड बोलायला लागले. एका सकाळी मला शिकेकाईनं न्हाऊ घातलं, तेल लावून दोन वेण्या, लाल रिबिनी, नवा फ्रॉक. "मामाकडे जाऊ" म्हणाले. स्टँडवर जिलेबी घेऊन दिली. अकोल्याला उतरून आम्ही गेलो ते बालगृहाच्या फाटकात. त्या बाईंनी माझी क्लिप सरळ केली, मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दोघं ऑफिसात गेले. त्यांच्यासाठी चहा आत गेलेला मी पाहिला. मी मामाची वाट पाहत होते. मग रिकाम्या कपबशा बाहेर आल्या, तेव्हा मी डोकावून पाहिलं, तर खुर्च्याही रिकाम्या होत्या. ते मागच्या दारानं गेले होते. मी रडले नाही. रडायला आधी काय झालं ते कळावं लागतं, आणि मला ते बरेच दिवस कळलंच नाही. कळलं तेव्हा पिंकी कुणीच उरली नव्हती आणि वनिताला सगळे नेहमीसारखे वनिता म्हणत होते. एवढंच पक्कं डोक्यात बसलं की न्हाऊ घातलं, नवा फ्रॉक आला, मामाचं नाव निघालं आणि जिलेबी दिली की झालं.

आता भुलाबाईचं. पुण्या-मुंबईकडच्यांना आमची भुलाबाई ठाऊक नसते. भादव्यातल्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई आणि भुलोजी घरात आणून बसवायचे, महिनाभर गल्लीतल्या पोरींनी संध्याकाळी घरोघरी जाऊन त्यांच्यापुढं गाणी म्हणायची, टिपऱ्या खेळायच्या. गाणी झाली की खिरापत. खिरापत झाकणाच्या डब्यात असते आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. घरची बाई डबा कानाशी हलवून दाखवते. आई तेव्हा पहिल्यांदाच भुलाबाई बसवत होती. घरात लेक आली म्हणून. मूर्ती आणायला ती मला बाजारात घेऊन गेली, हिरव्या लुगड्याची भुलाबाई मीच निवडली. आणि खिरापत ओळखण्यात माझा हात धरणारी त्या गल्लीत कुणी नव्हती. फुटाणे कसे वाजतात, साखरफुटाणे कसे, मुरमुऱ्याचा चिवडा कसा आणि शिरा कसा मुळीच वाजत नाही, हे मला डबा एकदा हलवला की कळायचं. आयुष्यभर डब्यांवरच कान ठेवून होते ना मी. पोरी ओरडायच्या, "वनीले सांगू देऊ नोका, ते बरोब्बर सांगते!" त्या महिन्यात दोन-तीनदा मी खोटं नसलेलं हसले.

त्यातच एकदा आत्या वाती वळत बसली होती, तेव्हा मी विचारलं, भुलाबाई कुठून आली.

"पाहुनी हाये ते. माहेराले आली."

"मग?"

"मंग काय? महिनाभर कोडकौतुक करून घेते. कोजागिरी झाली का जाते आपल्या घरी."

"नाही गेली तर?"

"जावाच लागते वं. ठेवून घेत असते का कोनी?"

आत्यानं वात वळली आणि पुढची घेतली. तिला स्वप्नातही वाटलं नसेल की मी कुणाबद्दल विचारत होते. समोरच्या घरची काकू मला लाडानं पाहुनीच म्हणायची. "कशी हाये तुमची पाहुनी? रमली का?" आणि पाहुणीला जावंच लागतं, हे घरातल्या सगळ्यात खरं बोलणाऱ्या माणसानं मला सांगितलं होतं. कोडकौतुक तर चाललंच होतं. त्यानंतर मी कोजागिरी कधी आहे ते रोज कुणाला ना कुणाला विचारायचे, आणि आईला वाटायचं, पोरीला सणाची किती हौस.

कोजागिरी झाली. आटवलेलं दूध झालं, खिरापतींचे ढीग झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका-पोरी वडाळीच्या तलावावर मूर्ती शिरवायला गेल्या. आमची भुलाबाई माझ्या हातात होती. आई म्हणाली सोड, तर मी सोडली. हिरवा रंग पाण्यात पसरत गेला आणि सगळ्या पोरी टाळ्या वाजवत होत्या, म्हणून मीही वाजवल्या. घरी आलो. दारातच आईनं सांगितलं, "चाल लवकर, तुले न्हाऊ घालते. अकोल्याले जाचं आज. मामाकडं."

आता कुणी म्हणेल, तिनं सांगितलं तर होतं. सांगितलंच होतं. तिला खरंच भाऊ होता, तो खरंच अकोल्याला राहत होता आणि लेक आणल्यापासून पहिल्यांदा तिला माझ्यासकट माहेरी जायचं होतं. तिनं महिनाभर आधी गुपचूप माझ्यासाठी फ्रॉक शिवून ठेवला होता, पिवळा, झालरीचा. तिनं जे जे प्रेमानं केलं ते सगळं माझ्या पाठ होतं. शिकेकाई. तेल. दोन वेण्या. रिबिनी लालच होत्या, तिला लाल आवडायच्या. मी हूं की चूं केलं नाही. आणि मग तिनं फळीवरचा माझा डबा काढला, कापडात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. "वाटेनं भूक लागंन लेकराले," म्हणाली. तोवर मला थोडीशी आशा होती, हे मला त्या क्षणाला कळलं, कारण ती गेली. डबा घरात राहिला असता तर मी परत आले असते. डबा निघाला म्हणजे मी निघाले.

मी माझं आवरलं. जुना फ्रॉक घडी करून खाटेवर ठेवला. नवरात्रात आत्यानं भरलेल्या बांगड्या हातातून काढल्या आणि फळीवर, डब्याच्या रिकाम्या जागी ठेवल्या. पहिल्या घरून निघताना मी क्लिपा तशाच घेऊन गेले होते आणि बालगृहात त्या कुणीतरी लगेच पळवल्या, म्हणून यावेळी नीट देऊन जायचं ठरवलं. आत्याच्या पाया पडले. आत्या ताक घुसळत होती, हसून म्हणाली, "बाप्पा! लग्नाले चालली का काय वं?" मी पण हसले. आर्वी हसली तशीच.

एसटीत बाबांच्या ओळखीचाच कंडक्टर होता. पुढची जागा मिळाली, मी खिडकीशी, मधे आई, कडेला बाबा. बडनेरा गेलं. आई मामाच्या घराच्या गोष्टी सांगत होती, त्याच्याकडं मांजर आहे, मामी पुरणाचे मांडे करते. किती छान खोटं बोलते ही, असं मला वाटत होतं. पातूरच्या बाईंना इतकं छान जमलं नव्हतं. मूर्तिजापूरला गाडी थांबली, बाबा उतरले आणि कागदात बांधून गरम जिलेबी घेऊन आले. मी जिलेबी खाल्ली. सगळी खाल्ली. खाऊन फ्रॉकला काही लागणार नाही असे हात पुसले आणि आईला विचारलं. रागानं नाही, रडवेली होऊन नाही. मला फक्त माहीत करून घ्यायचं होतं, म्हणजे मग बाकावर बसून वाट पाहावी लागली नसती.

"तिथं गेल्यावर तुमी लगेच जासान, का चहा पिऊन जासान?"

"कुठी वं?" आई हसतच होती.

"बालगृहात. आत नाही आले तरी चालते. फाटकापाशी सोडा, मी जाते. मी रडत नाही." आणि मग आठवलं म्हणून सांगितलं, "बांगड्या फळीवर ठेवल्या. दुसरी पोरगी आणसान तर तिले होतील."

आईचं हसू तोंडावरच राहिलं. ते तिथून हलेना. बाबा वाकून माझ्याकडे पाहत होते. त्यांनी हातातल्या जिलेबीच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्या रिबिनींकडे, मग पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे. पहिल्या घरानं मला परत दिलं एवढं त्यांना ठाऊक होतं, कसं दिलं ते कुणीच सांगितलं नव्हतं. तरी त्या माणसाला सगळं उमगलं असावं, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी मोठ्या माणसाचा चेहरा तसा होताना कधी पाहिला नव्हता आणि मला वाटलं, चहाचं विचारायला नको होतं. बाबा उठले, चालत्या गाडीत डोक्यावरची दोरी धरली आणि घंटा वाजवत सुटले.

"ओ भाऊ, इथं थांबा नाई," मागून कंडक्टर ओरडला.

"थांबव म्हणतो ना! लेकरू समजून राहिलं का आमी तिले सोडून द्याले चाललो!"

"कोनाले सोडून द्याले?"

"मह्या पोरीले!"

गाडी थांबली. सगळी गाडी वळून पाहायला लागली, कोंबड्या घेऊन बसलेला एक म्हातारा तेवढा "काय झालं, काय झालं" विचारत होता आणि त्याला कुणी सांगत नव्हतं. मागच्या बाकावरून कुणी बाई "माय वं!" म्हणाली. आम्ही उतरलो ते बोरगावच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी. आई चांगल्या साडीत, रस्त्याच्या कडेला, धुळीत बसली.

"कोनं सांगतलं तुले? कोन म्हणालं?"

"कुणी नाही."

"मंग?"

"न्हाऊ घातलं ना," मी म्हटलं. "नवा फ्रॉक. मामा. जिलेबी. डबा घेतला."

मी बोटांवर मोजून सांगत होते आणि एकेका बोटाला तिचा हात तोंडावर जास्त घट्ट होत होता. मग ती शपथा घ्यायला लागली. देवाची आन, तुही आन, मह्या मायची आन. मी मान डोलवत होते. हो, हो. आणि तेव्हा तिला दुसरा धक्का बसला, पहिल्याहून मोठा. तिला दिसलं की मी विश्वास ठेवत नाही, तिला बरं वाटावं म्हणून मान डोलवते. इतके महिने मी अशीच डोलवत आले होते. रस्सा खूप छान झाला. आईनं शपथा घेणं बंद केलं आणि बाबांकडे पाहिलं. ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि अमरावतीकडे जाणाऱ्या गाडीला त्यांनी हात केला. मामाच्या घरी त्या दिवशी मांडे वाट पाहत राहिले.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आत्या दाराच्या उंबरठ्यावर बसलेली. मांडीवर माझ्या बांगड्या.

"कव्हाची बसली मी," ती म्हणाली. "फळी पुसाले गेली अन् ह्या पाह्यल्या." मग तिनं आईला विचारलं, "डबा कोनं काढला?"

"म्याच काढला, बाई. वाटेनं खाले होईन म्हणून."

"घरात डबे का कमी होते?"

आई तिथंच भिंतीला धरून रडायला लागली. मला वाटलं, माझ्यामुळं घरात भांडण झालं, आता नक्कीच. मी चपला काढल्या नव्हत्या. बाबा सरळ आत गेले, हत्याराची पेटी घेऊन आले आणि पिशवीतून माझा डबा काढला. आतला खाऊ ताटात ओतला, डबा पालथा घातला आणि हातड्रिलनं बुडाला भोकं पाडायला लागले. पत्रा किंचाळत होता. मग फळीला भोकं. मग डबा फळीवर त्याच्या जागी ठेवला, आतून बोल्ट घातले, खाली वायसर, नट, आणि पाना लावून कसले. मोठ्या गाडीचे नट कसणारे हात ते, शेवटच्या आट्याला त्यांच्या मानेच्या शिरा दिसल्या. सगळं झाल्यावर त्यांनी ताटातला खाऊ परत डब्यात भरला, झाकण लावलं आणि तो दहा-अकरा नंबरचा पाना माझ्या हातात दिला.

"हा पाना तुह्यापाशी ठेव," बाबा म्हणाले. "माह्यापाशी दुसरा नाई. डबा काढाचा असन तं तूच काढशीन. आमाले काढता येनार नाई."

पाना गरम होता, त्यांच्या हाताचा. त्यांच्या पेटीत तशा मापाचे आणखी पाने असणारच, हे आज कळतं. ते घर पुढं घरमालकानं पाडायला काढलं तेव्हा बोल्ट गंजून धरले होते आणि मला पाना लावायची हिंमत नव्हती, म्हणून मी सुताराकडून फळीच कापून आणली. ती फळी डब्यासकट आज माझ्या अकोल्याच्या स्वयंपाकघरात आहे. परवा निकिताला बोलावून मी हे सगळं सांगितलं. "काकू, अहो, गंमत केली होती मी," ती म्हणाली, आणि मग चपलांचं सांगितलं तेव्हा मटकन खुर्चीत बसली. आर्वी तोवर फळीखाली उभी राहून डबा पाहत होती. तिनं विचारलं, हा निघत नाही का? मी म्हटलं, ओढून पाहा. तिनं दोन्ही हातांनी ओढला, मग आणखी एकदा, पाय भिंतीला लावून. तिच्या मनाचं समाधान झालं की नाही, मला माहीत नाही. माझं व्हायला पुष्कळ वर्षं लागली. शाळेत जायच्या आधी रोज तो डबा मी एकदा ओढून पाहत असे, कॉलेजात गेल्यावरही. लग्नात मला तेल लावून नवी साडी नेसवली तेव्हा मांडवात मला चक्कर आली आणि सगळ्यांना वाटलं उपवासानं आली.

पण पहिल्यांदा ओढला तो त्या दिवशी, दिवेलागणीला. तिघंही जरा बाजूला गेले होते, की मुद्दाम गेले होते, कोण जाणे. मी पाना फ्रॉकच्या खिशात टाकला, फळीशी गेले आणि डबा धरून ओढला. हलला नाही. लोंबकळले. तरी हलला नाही. आणि माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की मीच दचकले. मला तो थांबवता येईना. पातूरचं, बाकावरचं, रिकाम्या कपबशांचं, सगळं रडणं एकदम आलं, भोकाड पसरून, पाय आपटून, नाकाडोळ्यांतून. आई धावत आली आणि तिनं मला धरलं, तर मी तिला लाथा मारल्या, चावलेसुद्धा, तरी तिनं सोडलं नाही. बाबा हत्यारं तशीच टाकून दारात उभे. माझ्या तोंडून त्या घरात कुणी कधी रडण्याचा आवाज ऐकला नव्हता, त्यामुळं पाहता पाहता सगळी गल्ली ओट्यावर जमा झाली. समोरची काकू विचारत होती, काय झालं वो, पोरगी कायले रडून राहिली, पडली का, भाजली का?

सिंधूआत्यानं दारात जाऊन पदर सारखा केला.

"काई नाई झालं," ती म्हणाली. "आमची पोरगी घरी आली."